फायबरवाल्या स्पेक्ट्रोग्राफचा सिग्नल सारखा पडतोय? नवीन फायबर मागवायच्या आधी हे तपासा

दुर्बिणीच्या फोकसला फायबर, म्हणजे प्रकाश वाहणारी काचेची बारीक तार, लावून खाली खोलीत ठेवलेल्या स्पेक्ट्रोग्राफपर्यंत (ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडून नोंदवणारं उपकरण) प्रकाश न्यायचा सेटअप ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी लिहितोय. सोलापुरात आमच्या ओळखीतल्या गच्चीवरच्या, कॉलेजच्या अशा सेटअपवर हाच एक बिघाड मी परत परत काढत आलोय आणि तक्रार दर वेळी तीच असते, मागच्या महिन्यात अभिजित ताऱ्याचा जेवढा सिग्नल येत होता त्याच्या निम्मापण आता येत नाही, एक्सपोजर वाढवून बघितलं, काही फरक नाही, फायबर गेली वाटतं, नवीन मागवू का. तर आधी मागवू नका. फायबर मधेच तुटलीय असं क्वचित निघतं, प्रकाश जातो तो टोकांवर नाहीतर टोकाच्या आधीच.

आधी लक्षणं

तुमचं दुखणं यातलं कुठलं ते नीट बघा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

– स्पेक्ट्रमचा आकार तोच आहे पण सगळ्या रंगांत काउंट्स (कॅमेऱ्याने मोजलेला प्रकाश) सारखेच पडलेत.
– फक्त निळी बाजू गेलीय. ६५६.३ नॅनोमीटरची हायड्रोजन अल्फा रेष झकास, पण ४३० च्या खाली सिग्नलच नाही, नुसता कॅमेऱ्याचा नॉइज.
– एका फ्रेममध्ये भरपूर, पुढच्यात निम्मा, मग परत भरपूर.
– संध्याकाळी चांगला, रात्र चढेल तसा हळूहळू खाली.
– दुर्बीण पूर्वेकडून पश्चिमेला फिरवली की पडतो.
– तारा तर मंदच, पण फ्लॅटचा (ताऱ्याऐवजी लॅम्पचा प्रकाश घेऊन काढलेली तपासणीची फ्रेम) लॅम्पसुद्धा मंद.

आणि हे बिघाड नाहीत: ६८७ आणि ७६० नॅनोमीटरला जे खोल खड्डे दिसतात ते आपल्याच हवेतल्या ऑक्सिजनचे आहेत. ७२० आणि ९४० च्या आसपासचे पट्टे हवेतल्या वाफेचे, त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर ते जाड होतात आणि लोक घाबरतात. ९५० च्या जवळ फायबरच्या काचेतल्या ओएचचाही (काचेत राहिलेला पाण्याचा अंश) एक पट्टा असतो, लो-ओएच फायबरमध्ये तो बारीक दिसतो, हाय-ओएचमध्ये जास्त. तो असणारच.

पहिली तपासणी, खर्च शून्य: फ्लॅट बघा

तोच हॅलोजन लॅम्प, तेवढंच एक्सपोजर, लॅम्प लावून दहा मिनिटं गरम होऊ द्या आणि फ्रेम घ्या. मग ती जुन्या फ्लॅटशी जुळवून बघा. लॅम्पचा प्रकाश ताऱ्याच्याच फायबरमधून येत असेल आणि फ्लॅट पहिल्यासारखाच असेल, तर फायबर, कनेक्टर, स्पेक्ट्रोग्राफ सगळं ठीक आहे, गडबड फायबरच्या आधी आहे, म्हणजे आकाश, फोकस, गायडिंग (गाइड कॅमेऱ्याने तारा फायबरवर धरून ठेवणं). फ्लॅटपण पडला असेल तर मात्र फायबरकडे वळायचं. ही एक फ्रेम अर्धा गोंधळ संपवते म्हणून मी दर सेशनला सुरुवातीला आणि शेवटी एकेक फ्लॅट घ्या म्हणून सगळ्यांच्या मागे लागतो. जुना फ्लॅटच नसेल तर आज घेऊन ठेवा, पुढच्या वेळी लागेल.

एक भानगड लक्षात ठेवा, हॅलोजन लॅम्प जुना झाला की स्वतःच मंद होतो. शंका असेल तर लॅम्प बदलून परत बघा.

आकाश आणि उंची

फ्लॅट ठीक असेल तर पहिला संशय आकाशावर. आपल्याकडे मार्च ते मे हवेत बारीक धूळ असते, डोळ्यांना आकाश मोकळं दिसतं पण निळा प्रकाश ती जास्त खाते. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत उलटं, जानेवारीत पहाटे दव पडतं आणि आरशावर किंवा दुर्बिणीच्या तोंडावरच्या करेक्टर काचेवर पातळ थर बसतो जो टॉर्च तिरका मारल्याशिवाय दिसतच नाही. टॉर्च मारा, बघा.

निळीच बाजू गेली असेल तर तारा क्षितिजापासून किती वर आहे ते विचारा स्वतःला. ३० अंशांवर असलेल्या ताऱ्याचा ४०० नॅनोमीटरचा निळा ठिपका आणि ७०० चा लाल ठिपका वातावरणामुळे एकमेकांपासून दोन-अडीच आर्कसेकंद सरकलेले असतात. गाइड कॅमेरा लालकडे जास्त संवेदनशील असतो, तो लाल ठिपका फायबरवर बरोबर धरतो आणि निळा कडेला पडतो. अगस्त्य घेणाऱ्यांना हा त्रास हमखास होतो, सोलापूरच्या १७.७ अंश अक्षांशावरून अगस्त्य जास्तीत जास्त २० अंशांच्या आसपासच चढतो, तिथे निळं गेलं म्हणून फायबरला दोष देऊन चालणार नाही. मघा किंवा अभिजितसारखा गरम तारा डोक्यावर आला की घ्या आणि मग बोला.

फोकस, आणि इथेच जास्त वेळ द्या

संध्याकाळी चांगला आणि पहाटे पडलेला, असं असेल तर बहुतेक वेळा फोकसच असतो. हिशोब करून दाखवतो. २०० मिलिमीटर एफ/५ ची (फोकल लेंग्थ व्यासाच्या पाचपट) दुर्बीण घ्या, ॲल्युमिनियमची नळी साधारण एक मीटर. ॲल्युमिनियम एक मीटरला एका अंशामागे २३ मायक्रॉन आकुंचन पावतं. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत १० अंश तापमान उतरलं, जे आपल्याकडे सहज उतरतं, तर फोकस ०.२३ मिलिमीटर सरकला. एफ/५ ला एवढ्या सरकण्यात ताऱ्याचा ठिपका साधारण ४६ मायक्रॉन रुंद होतो. फायबरचा कोअर, म्हणजे प्रकाश वाहणारा आतला गाभा, आहे ५० मायक्रॉन! म्हणजे नुसत्या थंडीने अख्खा फायबर भरला, त्यावर सीइंग (हवेमुळे ताऱ्याचा ठिपका पसरणं), त्यावर गायडिंगची थरथर, मग प्रकाश बाहेर सांडणार नाही तर काय. म्हणून दर तासाला किंवा तापमान तीन अंश उतरलं की फोकस परत करा.

फोकस करताना गाइड कॅमेऱ्यातल्या छिद्राकडे बघा. बहुतेक फीड युनिटमध्ये (दुर्बिणीला फायबर जोडणारा डबा) तिरका आरसा असतो, त्यात बारीक छिद्र आणि छिद्रामागे फायबरचं टोक. तारा नीट फोकसमध्ये आणि मधोमध असेल तर तो त्या छिद्रात जवळजवळ गायब होतो, भोवती सगळीकडून सारखी फिकट कडा राहते. एका बाजूने जास्त चमक दिसली तर तारा मधोमध नाही. बरेच जण गाइडची चमक वाढली की खूश होतात, पण ती चमक म्हणजे फायबरमध्ये न गेलेला प्रकाश आहे.

आणि कॅमेऱ्याचा फोकस आरशावर आहे का ते स्वतंत्र तपासा. छिद्राची कड धारदार दिसली पाहिजे. कड धूसर आणि तारा धारदार असं असेल तर तुम्ही तारा चुकीच्या पातळीवर फोकस करताय आणि फायबरवर तो पसरलेलाच पडतोय.

फायबर खरंच तिथे आहे का, उलटा प्रकाश टाकून बघा

सॉफ्टवेअरमध्ये आपण एक पिक्सेल ठरवून ठेवतो, तारा इथे आणला की फायबरमध्ये जातो म्हणून. दुर्बीण उचलून ठेवली, युनिट काढून लावलं, की तो पिक्सेल खोटा ठरतो. दुर्बीण फिरवल्यावरच सिग्नल पडत असेल तर हेच आधी बघा, वजन दुसऱ्या बाजूला गेलं की जोड किंचित वाकतो. उपाय असा की स्पेक्ट्रोग्राफच्या बाजूने फायबरमध्ये मंद टॉर्चचा प्रकाश सोडायचा, मग दुर्बिणीकडचं टोक उजळतं आणि गाइड कॅमेऱ्यात फायबर नेमकी कुठे आहे ते उघड दिसतं. काही युनिटला यासाठी वेगळा एलईडी दिलेला असतो, नसेल तर ही तपासणी पुढे कनेक्टर उघडाल तेव्हा करा.

ही काही गच्चीवरची युक्ती नाही. ॲरिझोनात किट पीकच्या ४ मीटर मेयॉल दुर्बिणीवर डेसी नावाचं उपकरण आहे, त्यात ५००० फायबर छोटे रोबो हलवतात, आणि प्रत्येक फायबर जागेवर आली का हे बघायला मागून प्रकाश सोडून समोरच्या कॅमेऱ्याने फोटो काढतात.

केबलचा रस्ता

इथून पुढे फ्लॅट पडलेल्यांसाठी. अजूनही काही उघडायचं नाहीये, फक्त हात आणि डोळे.

लॅम्प चालू ठेवून छोट्या छोट्या फ्रेम चालू करा आणि एकाने केबल टोकापासून टोकापर्यंत हलकेच हाताळत जायचं. काउंट्स कुठे उडी मारतात ते दुसऱ्याने ओरडून सांगायचं. जिथे उडी मारतात तिथे ताण आहे. बहुतेक वेळा झिप टाय करकचून आवळलेला निघतो, नाहीतर गच्चीच्या दारात केबल चेपलेली असते, किंवा फोकसरपाशी केबल स्वतःच्या वजनाने लोंबत असते आणि कनेक्टरला ओढत असते. मेमध्ये आपली गच्ची दिवसभर तापते, ऊन खाल्लेलं जॅकेट कडक होतं आणि आखडलं की आतली काच दाबली जाते, म्हणून केबल दिवसा गच्चीवर ठेवूच नका. खारी आणि उंदीर कुरतडतात तेही बघा.

ताण एवढा का वाईट ते सांगतो. फायबरमध्ये प्रकाश एफ/५ च्या शंकूने आत गेला तर बाहेर तेवढ्याच शंकूने येत नाही, थोडा जास्त पसरून येतो, एफ/४.५, एफ/४ असा. बागेतल्या पाइपचं तोंड बोटाने दाबलं की धार फाकते, तसं. याला फोकल रेशो डिग्रेडेशन म्हणतात. फाकलेला भाग स्पेक्ट्रोग्राफमधल्या कोलिमेटरच्या (प्रकाश समांतर करणारं भिंग किंवा आरसा) बाहेर पडतो आणि वाया जातो. काच वाकली, चिमटली, फेरूलमध्ये (कनेक्टरच्या टोकाची नळी) गोंदाने आवळली की फाकणं वाढतं. आणि शंकू जेवढा निमुळता तेवढं हे जास्त बाधतं, म्हणून ८ इंची एफ/१० च्या दुर्बिणीला थेट फायबर लावू नका, रिड्यूसर (फोकल लेंग्थ कमी करणारं भिंग) लावून एफ/६ च्या आसपास आणा. तमिळनाडूतल्या कावलूरच्या २.३४ मीटर वैनू बाप्पू दुर्बिणीवर फायबर प्राइम फोकसला (मुख्य आरशाच्या थेट फोकसला) लावलीय, तो एफ/३.२५ आहे, तिथे हा त्रास मुळातच कमी.

वळण किती चालेल तर निर्मात्याने दिलेला आकडा पाळा, तो हरवला असेल तर तीन मिलिमीटर जॅकेटच्या केबलला मी ६ सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा लहान वळण देत नाही. जाड कोअरला याहून मोठं.

फायबर कुठली लावलीय

कोणीतरी मधे केबल बदलली असेल तर हे बघाच. बाजारात इंटरनेटची पिवळी पॅच कॉर्ड स्वस्तात मिळते, ती सिंगल मोड असते, कोअर ९ मायक्रॉन. ५० च्या जागी ९ म्हणजे क्षेत्रफळ ३१ पट कमी, सिग्नल कुठून येणार. दुसरं, हिरव्या कनेक्टरचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, त्यामुळे बाहेर येणारा प्रकाश पावणेचार अंश वाकडा निघतो, आणि एफ/५ चा अख्खा अर्धकोनच ५.७ अंश असतो, म्हणजे बराचसा प्रकाश कोलिमेटरच्या बाहेर. नारंगी आणि आकाशी टेलिकॉम मल्टिमोडमध्ये कोअर ५० चा किंवा ६२.५ चा असतो पण काच ग्रेडेड इंडेक्सची (अपवर्तनांक मधून कडेकडे कमी होत जाणारी), कडेला पडलेला प्रकाश ती नीट घेत नाही. आपल्याला स्टेप इंडेक्स (अख्ख्या कोअरमध्ये एकसारखी काच) मल्टिमोड आणि सरळ घासलेलं टोक लागतं.

कनेक्टर आणि सफाई

आता उघडायचं, पण आधी नुसतं घट्ट बसलाय का बघा. एफसी (नट फिरवून बसवायचा प्रकार) कनेक्टरचा उंचवटा सॉकेटच्या खाचेत बसला नाही तरी नट फिरतो आणि बसल्यासारखं वाटतं, आत मात्र फट राहते. बोटांनीच आवळा, पक्कड नको. बसवून परत फ्लॅट घ्या. सुधारला तर तिथेच थांबा, उगाच साफ करत बसू नका, दर वेळी उघडलं की धूळ आत जायची संधी मिळते.

नाही सुधारला तर टोक बघायचं. २०० किंवा ४०० पटीचा फायबर तपासायचा छोटा मायक्रोस्कोप मिळतो, ग्रुपमध्ये मिळून एक घेतला तरी चालतो. बघायच्या आधी दुसऱ्या टोकाला काही लावलेलं नाही याची खात्री करा, लेसर तर अजिबात नाही, नाहीतर डोळा जाईल.

सोलापुरात काय दिसतं तर सुताचा तंतू. यंत्रमागांच्या भागात हवेतच तो असतो, घरात चादरी-टॉवेलचा असतो. कापसाचा तंतू साधारण १५ मायक्रॉन जाड, तो ५० मायक्रॉनच्या कोअरवर आडवा पडला की तिसऱ्या हिश्शाहून जास्त प्रकाश अडवतो, एकच तंतू! मायक्रोस्कोपमध्ये तो काळ्या वाकड्या दोरीसारखा दिसतो. बोट लागलं असेल तर तेलकट ढगाळ डाग दिसतो.

साफ करताना आधी कोरडं. अडीच मिलिमीटर फेरूलसाठी क्लिक करायचा क्लीनर पेन मिळतो, एकदा क्लिक करा, परत बघा. गेलं नाही तर लिंट न सुटणाऱ्या वाइपवर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब, टोक एकाच दिशेने एकदा ओढायचं, मग कोरड्या भागावर एकदा. गोल गोल घासायचं नाही, खडा असेल तर तो काचेवर ओरखडे काढतो. सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं, थर राहतो. टॉवेल, बनियन, मेडिकलचा कापूस यातलं काहीही जवळ आणू नका. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब उडतात.

फीड युनिटचा छिद्रवाला आरसा मात्र पुसायचाच नाही. त्याचा लेप काचेच्या वरच्या बाजूला असतो, पुसला की गेला. रबरी ब्लोअरने हवा मारा, तेवढंच.

फायबर पूर्ण काढून शेवटच्या दोन चाचण्या

एक, लाल लेसर पेन. नेट जोडायला येणाऱ्या पोरांकडे असतो तो. दोन्ही टोकं उपकरणांतून काढलेली पाहिजेत, स्पेक्ट्रोग्राफच्या कॅमेऱ्यात हा लेसर गेला तर सेन्सरचं नुकसान होऊ शकतं. अंधारात एका टोकाने लेसर सोडा आणि केबलवर कुठे लाल चमकतंय का बघा, पातळ जॅकेट असेल तर तुटलेली जागा स्पष्ट उजळते. टोकात डोकावू नका, प्रकाश भिंतीवर पाडा.

दोन, शंकू मोजायची चाचणी. ५० मिलिमीटर फोकल लेंग्थचं भिंग घ्या, पुढे १० मिलिमीटर छिद्राचा काळा पुठ्ठा लावा, झाला एफ/५. लांबवरच्या टॉर्चचा प्रकाश त्यातून फायबरच्या टोकावर पाडा आणि दुसऱ्या टोकापासून बरोबर १०० मिलिमीटरवर आलेखाचा कागद धरा. २० मिलिमीटरचं वर्तुळ पडलं तर फायबर प्रकाश फाकवतच नाहीये. २२ पर्यंत मी चालवून घेतो. २५ झालं तर एफ/४ झाला, म्हणजे कुठेतरी ताण आहे किंवा टोक खराब आहे. भरीव गोळ्याऐवजी कडं दिसलं तर फायबर नाही, तुमचं भिंग तिरकं लागलंय, सरळ करून परत बघा.

एवढं करूनही काचेवर संशय असेल तर हा आकडा बघा. चांगल्या क्वार्ट्झ फायबरमध्ये ६०० नॅनोमीटरला किलोमीटरमागे १० डेसिबलच्या आसपास प्रकाश जातो, म्हणजे २० मीटरला साडेचार टक्के. दोन्ही टोकांवर परावर्तनात साडेतीन-साडेतीन. सगळं मिळून १२ टक्क्यांच्या आत. निम्मा सिग्नल काचेत मुरत नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

टोकाच्या कोअरवर टवका किंवा भेग दिसली, सफाईने हलत नाही: थांबा. घासून पॉलिश करायचं काम फायबर असेंब्ली बनवणाऱ्याकडेच द्या, घरी पॉलिश पेपरवर घासलेलं टोक वरून चकचकीत दिसतं पण घुमटासारखं झालेलं असतं.

केबलच्या मधे लाल चमकलं: फायबर खरंच तुटलीय, नवीन घ्या. नेटवाला म्हणेल जॉइंट मारून देतो, प्रामाणिकपणेच म्हणेल, त्याच्या कामात जॉइंट चालतो. आपल्या कामात जॉइंटपाशी शंकू फाकतो, आणि २०० मायक्रॉन कोअरची फायबर बहुतेक त्याच्या मशीनमध्ये बसतच नाही. त्याच्या पॉवर मीटरवरही जाऊ नका, तो १३१० आणि १५५० नॅनोमीटरला मोजतो.

फायबर दोन्ही चाचण्यांत पास, तरी फ्लॅट मंद: दोष स्पेक्ट्रोग्राफच्या आत आहे, कोलिमेटर हलला असेल, कॅमेऱ्याच्या खिडकीवर बर्फ धरला असेल. खिडकीवरचा बर्फ कूलिंग बंद करून बघता येतो, त्याच्या पुढे जाऊ नका. ग्रेटिंगला (प्रकाश रंगांत फोडणारी बारीक रेघांची काच) बोट, कापड, ब्रश, काहीही लावायचं नाही, ती परत पहिल्यासारखी होत नाही. मोठ्या ठिकाणी स्पेक्ट्रोग्राफला कोणी हात लावू नये म्हणूनच तो फायबरने लांब नेऊन बंद ठेवतात, माउंट अबूचा पारस स्पेक्ट्रोग्राफ तर निर्वात टाकीत आहे आणि त्याच्या खोलीचं तापमान अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत सांभाळतात.

थोरियम-आर्गॉन लॅम्प (तरंगलांबी जुळवायचा) लागत नाही: त्याचा पॉवर सप्लाय उघडू नका, त्यात शेकडो व्होल्ट असतात आणि स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये राहू शकतात. यात धाडस नको.

दुरुस्तीला पाठवताना दोन्ही टोकांना टोप्या लावा, केबल २० सेंटिमीटर व्यासाच्या सैल वेटोळ्यात गुंडाळा, रबर बँड नको. सोबत जुना आणि नवा फ्लॅट, टोकाचा मायक्रोस्कोपचा फोटो आणि शंकूच्या वर्तुळाचं माप लिहून द्या, नाहीतर समोरचा माणूस टेलिकॉमच्या हिशोबाने तपासून केबल ठीक आहे म्हणून परत पाठवतो. परत आली की लावायच्या आधी शंकू मोजा, लावल्यावर फ्लॅट घ्या आणि त्या फाइलवर तारीख घालून ठेवा.